आत काही आहे का? एक्सएसएलटीतल्या एका नेहमीच्या अटीचा आढावा

मराठी विकिपीडियाचा डंप म्हणजे तिथल्या सगळ्या पानांची मिळून तयार केलेली एक्सएमएल फाइल. ती कोणालाही मोफत उतरवून घेता येते. फाइल उघडली की दर पानासाठी 'पेज' नावाचा एक घटक दिसतो. त्याच्या पोटात शीर्षक, नामविश्वाचा (म्हणजे पानाच्या प्रकाराचा) क्रमांक, पानाचा क्रमांक आणि मजकूर सांभाळणारा 'रिव्हिजन' हा घटक असतो. काही पानांत याखेरीज 'रिडायरेक्ट' नावाचा आणखी एक छोटा घटक सापडतो. त्याच्या आत एक अक्षरही नसते. पण तो नुसता तिथे असला तरी कळते की हे पान लेख नाही, दुसऱ्या लेखाकडे वळवणारे पान आहे. हीच गोष्ट मजकूर वाचून ठरवायची म्हटली तर '#पुनर्निर्देशन' ही मराठी सूचना शोधावी लागते आणि तिच्या जागी कोणी इंग्रजी सूचना लिहिली असेल तर तीही शोधावी लागते. पोटघटकाकडे नुसते पाहिले तर हा खटाटोप वाचतो.

अशा फाइलीतून लेखांची यादी काढायची, पुस्तकाची पाने मांडायची किंवा बातम्यांचा प्रवाह वेबपानावर दाखवायचा, तर एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा, लिहिणाऱ्याला सतत एकच प्रश्न पडतो: या घटकाच्या आत अमुक चाइल्ड एलिमेंट आहे का? असेल तर हे छापा, नसेल तर ते. दिसायला हा एकच प्रश्न आहे, पण त्यात निदान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. घटक आहे का, त्यात काही आहे का, जे आहे ते आपल्याला हवे तेच आहे का, आणि त्यातून प्रत्यक्ष काही छापले जाणार आहे का. लिहिणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो विचारतो दुसराच. स्टाइलशीटमधल्या, म्हणजे एक्सएसएलटीत लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या, बऱ्याचशा चुका इथूनच येतात. शिवाय या अटींपैकी कितीतरी मुळात लिहायचीच गरज नसते, असे माझे ठाम मत आहे.

या लेखात घटकांची आणि सूचनांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात एक्सएसएलटीच्या सूचनांची आणि विकिपीडियाच्या फाइलीतल्या घटकांची नावे रोमन लिपीत असतात. एरवी एक्सएमएलला देवनागरी नावांचे वावडे नाही. १९९८ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून घटकाला 'लेख' किंवा 'टीप' असे नाव देता येते आणि अटीतही ते तसेच लिहिता येते.

एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रसिद्ध केली. तिचे संपादक होते जेम्स क्लार्क. घटकांपर्यंत पोचण्याची भाषा, म्हणजे एक्सपाथ, त्याच दिवशी आली. क्लार्क यांच्यासोबत स्टीव्ह डीरोझ तिचे संपादक होते. एक्सएसएलटीमागे एक्सएमएलच्या आधीच्या एसजीएमएलच्या काळातली डीएसएसएसएल ही भाषा होती. ती स्कीम या फंक्शनल भाषेवर बेतलेली होती आणि तिचा संस्कार एक्सएसएलटीवर पक्का राहिला. त्याचा थेट परिणाम आपल्या प्रश्नावर होतो. एक्सएसएलटीत व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही. जावा किंवा सी शिकून आलेला माणूस सवयीने लूप चालवतो, हवे ते सापडले की 'सापडले' असा झेंडा वर करतो आणि लूप संपल्यावर झेंडा पाहतो. इथे तो झेंडा कधीच वर होत नाही. प्रश्न एका एक्सपाथ अभिव्यक्तीतच पूर्ण विचारावा लागतो. सुरुवातीला हे जाचक वाटते. पण सवय झाली की कळते, प्रश्न एका ओळीत मांडता येत नसेल तर तो आपल्यालाच अजून नीट कळलेला नसतो.

सर्वांत साधा प्रश्न अस्तित्वाचा. 'इफ' या सूचनेच्या 'टेस्ट' या ॲट्रिब्यूटमध्ये पोटघटकाचे नुसते नाव लिहायचे: टेस्ट="रिडायरेक्ट". एक्सपाथच्या नियमाप्रमाणे नोडसंचात, म्हणजे त्या नावाने सापडलेल्या घटकांच्या संचात, एकही नोड असेल तर उत्तर होय, संच रिकामा असेल तर नाही. मोजणी करून ती शून्याहून मोठी आहे का असे विचारण्याची गरज नाही. तसे लिहिले तर चूक होत नाही, पण वाचणाऱ्याला उगाच वाटते की संख्येला इथे काही महत्त्व आहे. उलटा प्रश्न हवा असेल तर नॉट(रिडायरेक्ट). कोणताही पोटघटक चालणार असेल तर नुसती चांदणी, म्हणजे '*'.

'इफ'ला 'नाहीतर' ही बाजू नाही. दोन किंवा अधिक वाटा हव्या असतील तर 'चूज' घ्यायचे, त्यात एकेक 'व्हेन', आणि उरलेल्यांसाठी 'अदरवाइज'. या 'अदरवाइज'चे मोल विकिपीडियाच्याच डंपमध्ये उत्तम कळते. प्रत्येक रिव्हिजनमध्ये 'कॉन्ट्रिब्युटर' नावाचा घटक असतो. संपादन नोंदणीकृत सदस्याने केले असेल तर त्याच्या पोटात सदस्यनाव आणि सदस्यक्रमांक असतात. नोंदणी न करता केले असेल तर त्यांच्याऐवजी 'आयपी' असू शकतो. घाईत लिहिणारा इथे दोनच वाटा करतो: सदस्यनाव असेल तर ते छापा, नाहीतर आयपी छापा. पण संपादकाची ओळख प्रशासकांनी लपवली असेल तर हा घटक पूर्ण रिकामा येतो. त्याच्यावर फक्त 'डिलीटेड' असे ॲट्रिब्यूट असते, पोटात काहीच नसते. अशा वेळी दोन वाटांची स्टाइलशीट कोणतीही तक्रार न करता 'संपादक:' एवढेच छापते आणि पुढे जाते. म्हणून ज्या दोन शक्यता माहीत आहेत त्या दोन 'व्हेन'मध्ये स्पष्ट लिहाव्यात आणि 'अदरवाइज' आपल्याला न सुचलेल्या तिसऱ्या शक्यतेसाठी राखून ठेवावे. तिथे काहीतरी दिसेल असे छापावे किंवा 'मेसेज' या सूचनेने इशारा द्यावा. शास्त्रीय नियतकालिकांसाठीच्या जॅट्स या मांडणीतही हाच प्रकार आहे. तिथे लेखकाच्या नोंदीत व्यक्तीचे नाव असू शकते, एखाद्या गटाचे नाव असू शकते, किंवा लेखक अनामिक असल्याचे सांगणारा रिकामा घटक असू शकतो.

ॲट्रिब्यूटचा उल्लेख आला म्हणून एक खुलासा करतो. एक्सपाथच्या हिशेबात ॲट्रिब्यूट हे घटकाचे अपत्य नसते. घटक मात्र ॲट्रिब्यूटचा पालक असतो. नाते एकतर्फी आहे. त्यामुळे घटकावर दहा ॲट्रिब्यूट असले तरी '*' किंवा मजकूरही मोजणारा 'नोड()' यांच्या दृष्टीने तो रिकामाच. ॲट्रिब्यूट आहे का हे विचारायचे तर नावाआधी '@' लावावाच लागतो.

आता रिकामेपणाकडे वळू. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. छापील अर्जावर एखादा रकानाच नसणे, रकाना असून कोरा असणे आणि रकान्यात आडवी रेघ मारलेली असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. एक्सएमएलमध्येही त्या वेगळ्याच असतात. घटकच नाही. घटक आहे, पण आत काही नाही. घटक आहे, आत काही नाही, आणि 'हे जाणूनबुजून रिकामे ठेवले आहे' असे सांगणारे एक्सएसआय नेमस्पेसमधले (नेमस्पेस म्हणजे नावांचा वेगळा गट) 'निल' हे ॲट्रिब्यूट त्यावर आहे. डंपमध्ये संपादनाचा सारांश 'कॉमेंट' या घटकात असतो. टेस्ट="कॉमेंट" ही अट पहिल्याला नाही म्हणते आणि पुढच्या दोन्हींना होय म्हणते. संपादनाचा सारांश छापायचा असेल तर ते उत्तर आपल्या कामाचे नाही, कारण 'सारांश:' असे लिहून पुढे मोकळी जागा सोडली जाईल. 'रिडायरेक्ट'च्या बाबतीत मात्र नेमके तेच उत्तर हवे असते. तिथे आतला मजकूर तपासायला गेलात तर सगळी वळवणारी पाने यादीत लेख म्हणून शिरतील. त्याच फाइलीतला 'मायनर' हा घटकही असाच आहे. संपादन किरकोळ असेल तर तो असतो, नसेल तर नसतो, आणि त्याच्या आत कधीच काही नसते. जुन्या हस्तलिखितांसाठी वापरल्या जाणाऱ्या टीईआय या मांडणीत 'गॅप' नावाचा घटक आहे. मूळ पानावर अक्षरे वाचता आली नाहीत हे तो सांगतो आणि बहुधा तो रिकामाच असतो. त्याला रिकामा म्हणून गाळणारा संपादक वाचकाला चुकीचा पाठ देतो. घटक रिकामा असण्याचा अर्थ काय, हे ज्याने विदा तयार केली त्याच्याकडून समजून घेतल्याशिवाय अट लिहू नये.

आत मजकूर आहे का हे विचारण्याची रूढ पद्धत म्हणजे 'नॉर्मलाइज-स्पेस()'. हे फंक्शन दोन्ही टोकांची मोकळी जागा काढते, मधल्या अनेक जागांची एक करते, आणि उरलेली स्ट्रिंग रिकामी असेल तर अट खोटी ठरते. टेस्ट="नॉर्मलाइज-स्पेस(कॉमेंट)" एवढे पुरते. घटक नसला तरीही ही अट सुरळीत खोटी ठरते, त्यामुळे अस्तित्वाची वेगळी तपासणी लागत नाही. मात्र मोकळी जागा म्हणजे काय याची एक्सएमएलची व्याख्या अरुंद आहे: स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हे, बस. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात येणारी न तुटणारी स्पेस यात मोडत नाही. मराठीच्या बाबतीत भर पडते ती झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर या अदृश्य चिन्हांची. रकान्यातला मजकूर खोडताना त्यातले एखादे चिन्ह मागे राहिले तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण 'नॉर्मलाइज-स्पेस()' त्याला मजकूरच समजते. पहिल्या आवृत्तीत 'ट्रान्सलेट()' वापरून अशी चिन्हे आधी काढून टाकता येतात. दुसऱ्या आवृत्तीपासून रेग्युलर एक्सप्रेशन आले. तिथे 'मॅचेस()' या फंक्शनला युनिकोडच्या वर्गांच्या आधारे विचारता येते की यात निदान एक अक्षर किंवा अंक आहे का. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी ही दुसरी पद्धतच अंगवळणी पाडून घ्यावी.

इंडेंट केलेल्या फाइलींचा त्रास वेगळा. पोटघटक वेगवेगळ्या ओळींवर मांडले की मधल्या नव्या ओळी आणि स्पेस हेही टेक्स्ट नोड बनतात. मग 'नोड()' विचारले की उत्तर नेहमी होय. उघडणारी आणि बंद करणारी खूण वेगवेगळ्या ओळींवर असलेला रिकामा घटकही भरलेला ठरतो. त्यावर उपाय म्हणजे स्टाइलशीटच्या वरच्या भागात 'स्ट्रिप-स्पेस' ही सूचना लिहिणे. पण ज्या घटकावर 'एक्सएमएल:स्पेस' हे ॲट्रिब्यूट 'प्रिझर्व्ह' असेल तिथे ती चालत नाही, आणि विकिपीडियाच्या डंपमध्ये पानाचा मजकूर ठेवणाऱ्या 'टेक्स्ट' घटकावर नेमके तेच असते.

तुलनेच्या अटींत एक फसवा जोड आहे. तो शिकवताना वेगळा काढून दाखवायलाच हवा. समजा एका लेखाला अनेक 'लेखक' पोटघटक आहेत आणि अनामिक लेखक असलेले लेख वगळायचे आहेत. लेखक != 'अनामिक' आणि नॉट(लेखक = 'अनामिक') या दोन अटी सारख्याच दिसतात. पहिलीचा अर्थ असा: 'अनामिक'हून वेगळा असा निदान एक लेखक आहे. दुसरीचा अर्थ: एकही लेखक 'अनामिक' नाही. दोन लेखकांपैकी एक अनामिक असेल तर पहिली खरी ठरते आणि दुसरी खोटी. लेखाला लेखकच नसेल तर उलट होते: पहिली खोटी, दुसरी खरी. कारण एक्सपाथमध्ये संचाशी केलेली प्रत्येक तुलना 'निदान एक तरी' अशा अर्थाची असते. '!=' हे चिन्ह संचावर वापरायचे असेल तर थांबून विचार करावा. दहापैकी नऊ वेळा आपल्याला 'नॉट()' हवे असते.

दुसऱ्या आवृत्तीने या बाबतीत शिस्त थोडी कडक केली. पहिल्या आवृत्तीत 'स्ट्रिंग()' किंवा 'नॉर्मलाइज-स्पेस()' यांना अनेक नोड दिले की त्यातला पहिला निमूटपणे घेतला जाई. २३ जानेवारी २००७ रोजी मायकेल के यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे प्रकाराची चूक दाखवली जाते. जुन्या स्टाइलशीट नव्या प्रोसेसरवर (म्हणजे एक्सएसएलटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चढवताना सुरुवातीचे अडथळे बरेचदा हेच असतात. मला हा बदल स्वागतार्ह वाटतो, कारण दुसरा लेखक गुपचूप गळण्यापेक्षा काम थांबलेले बरे.

सगळे बरोबर लिहिले आणि तरीही अट कायम खोटीच येत असेल तर नेमस्पेसकडे पाहावे. डंपच्या मूळ घटकावर मीडियाविकीचा, म्हणजे विकिपीडियामागच्या सॉफ्टवेअरचा, नेमस्पेस जाहीर केलेला असतो आणि तो आतल्या सर्व घटकांना लागू होतो. तो लिहिताना कुठलाही प्रिफिक्स नसतो, म्हणून डोळ्यांना 'रिडायरेक्ट' हे साधे नाव दिसते. पण एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीत प्रिफिक्स नसलेले नाव म्हणजे कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेले नाव. त्यामुळे टेस्ट="रिडायरेक्ट" लाखो पानांना नाहीच म्हणते आणि एकही चूक दाखवली जात नाही. स्टाइलशीटमध्ये त्या नेमस्पेसला एखादा प्रिफिक्स द्यावा आणि प्रत्येक अटीत तो वापरावा. दुसऱ्या आवृत्तीत 'एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस' एकदा लिहिले की भागते. 'लोकल-नेम()' घेऊन नेमस्पेसकडे दुर्लक्ष करण्याची पळवाट पुष्कळ जण वापरतात. एखाद्या वेळी निदानासाठी ती ठीक, पण कायमच्या स्टाइलशीटमध्ये ती ठेवू नये, कारण वेगळ्या नेमस्पेसमधला त्याच नावाचा घटकही ती मुकाट्याने आत घेते.

इथवर आपण अटी कशा लिहायच्या हे पाहिले. आता त्या कशा टाळायच्या ते पाहू. एक्सएसएलटीचे खरे बळ तिथेच आहे. टेम्प्लेट म्हणजे एखादा घटक समोर आला की काय छापायचे हे सांगणारा नियम. 'अप्लाय-टेम्प्लेट्स' या सूचनेला पोटघटकाचे नाव दिले आणि तो पोटघटक नसेल, तर काहीच घडत नाही. चूक येत नाही, रिकामी ओळ पडत नाही. 'फॉर-ईच'चेही तसेच. म्हणजे 'सारांश असेल तर सारांशावर प्रक्रिया कर' यातला पहिला अर्धा भाग अनावश्यक आहे. 'सारांश:' हे लेबल सारांशाच्याच टेम्प्लेटमध्ये ठेवले की अटीचे काम संपले. घटक असेल तर त्याचे टेम्प्लेट चालेल आणि लेबल छापले जाईल. नसेल तर दोन्ही होणार नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे अट टेम्प्लेटच्या 'मॅच'मध्ये नेणे. एक टेम्प्लेट मॅच="पेज" साठी, दुसरे मॅच="पेज[रिडायरेक्ट]" साठी. साध्या नावाच्या पॅटर्नची मूळ प्राथमिकता ० असते आणि चौकटी कंसातली अट जोडली की ती ०.५ होते. त्यामुळे वळवणाऱ्या पानांना दुसरे टेम्प्लेट आपोआप लागू होते, बाकीच्यांना पहिले. दुसरे टेम्प्लेट रिकामे ठेवले की ती पाने निकालातून गळतात. 'चूज'ची एक ओळही लागत नाही. टीईआयमधल्या 'चॉइस' या घटकावर ही रीत फार शोभते. त्याच्या पोटात मूळ हस्तलिखितातला चुकलेला शब्द आणि संपादकाने सुधारलेला शब्द असे दोन्ही असतात, किंवा संक्षेप आणि त्याचे पूर्ण रूप. वाचकांसाठीची आवृत्ती काढायची असेल तर चुकलेल्या रूपासाठी रिकामे टेम्प्लेट लिहायचे, अभ्यासकांसाठीची काढायची असेल तर सुधारलेल्या रूपासाठी. 'मोड' वापरून एकाच स्टाइलशीटमधून दोन्ही आवृत्त्या निघतात.

या रीतीचे दोन धोकेही सांगायला हवेत. ज्या घटकाला आपण टेम्प्लेट दिले नाही त्याला अंगभूत नियम लागू होतो: तो आतल्या घटकांकडे जातो आणि शेवटी मजकूर जसाच्या तसा निकालात ओततो. पानांच्या यादीत अचानक पानाचा सगळा मजकूर येऊन पडतो तो यामुळे. दुसरा धोका बरोबरीचा. विकिपीडियात साच्यांच्या नामविश्वाचा क्रमांक १० आहे. साच्यांच्या पानांसाठी एक अटयुक्त टेम्प्लेट आणि वळवणाऱ्या पानांसाठी दुसरे असे लिहिले, तर वळवणारे साचापान दोन्हींत बसते आणि दोन्हींची प्राथमिकता ०.५ असते. अशा वेळी प्रोसेसर सहसा फाइलीत नंतर आलेले टेम्प्लेट घेतो. निकाल टेम्प्लेटच्या क्रमावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. 'प्रायॉरिटी' स्वतः लिहावी. अटींच्या शिड्या लिहिणाऱ्यांचा एक आक्षेप असतो की टेम्प्लेटची पद्धत वाचायला कठीण, कारण निर्णय एका जागी दिसत नाही. आक्षेपात तथ्य आहे. दोन-तीन पर्यायांतला छोटा, एकाच जागचा निर्णय असेल तर 'चूज' जास्त सुबोध. पण घटक कुठेही, कोणत्याही क्रमाने येऊ शकतात अशा दस्तऐवजात, म्हणजे पुस्तकात, लेखात, कायद्याच्या मसुद्यात, शिड्या वाढतच जातात आणि टेम्प्लेट टिकतात.

अट खऱ्या अर्थाने लागते ती वेष्टनासाठी. 'संदर्भ' हे शीर्षक, त्याखाली यादी, यादीत एकेक संदर्भ. संदर्भच नसतील तर शीर्षकही नको आणि यादीची रिकामी चौकटही नको. इथे टेस्ट="संदर्भ" अशी अट हवीच. आता प्रश्न थोडा अवघड करू. संदर्भ आहेत, पण काही ना काही कारणाने, अप्रकाशित म्हणून, पुनरुक्ती म्हणून, त्यांची टेम्प्लेट काहीच छापत नाहीत. अट खरी ठरते, शीर्षक छापले जाते आणि खाली काहीच नसते. विचारायला हवे होते, या घटकांतून काही छापले जाईल का. पहिल्या आवृत्तीत यासाठी निकाल आधी व्हेरिएबलमध्ये साठवून मग तपासतात. तिथेही सापळा आहे. साठवलेल्या निकालाला आपोआप एक मूळ नोड मिळतो, म्हणून टेस्ट="$निकाल" नेहमी खरीच येते. त्या निकालाची स्ट्रिंग करून तपासावी, तर निकालात फक्त चित्र असेल तेव्हा स्ट्रिंग रिकामी आणि चित्र गायब.

हे दुखणे ८ जून २०१७ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मुळापासून हाताळले. 'व्हेअर-पॉप्युलेटेड' या सूचनेत गुंडाळलेला घटक, आत काही पडले तरच निकालात जातो. 'ऑन-नॉन-एम्प्टी'त लिहिलेले शीर्षक, भोवती काही छापले गेले तरच उमटते. 'ऑन-एम्प्टी'त लिहिलेला 'एकही संदर्भ नाही' हा मजकूर, काहीच छापले गेले नाही तरच. घटक भरलेला आहे की नाही हे ठरवताना 'व्हेअर-पॉप्युलेटेड' ॲट्रिब्यूट मोजत नाही, हे ध्यानात ठेवावे. यादीच्या चौकटीवर क्लास लावला म्हणून ती भरलेली ठरत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच कारणाने वेबपानावरचे चित्र थेट त्यात गुंडाळू नये. चित्राची खूण मुळातच रिकामी आणि सारी माहिती ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणून ती गाळली जाते.

या सूचना आल्या त्यामागे आणखी एक मोठे कारण होते: स्ट्रीमिंग. मोठ्या विकिपीडियाचा डंप पूर्ण मेमरीत मावत नाही, म्हणून तो वरून खाली एकदाच वाचत जावे लागते. अशा वाचनात 'आत संदर्भ आहेत का' असे विचारले की ते शोधण्यातच वाचन पुढे सरकते. नंतर त्याच संदर्भांवर प्रक्रिया करायला मागे जाता येत नाही. म्हणून अट आणि प्रक्रिया अशा दोन्ही गोष्टी एका टेम्प्लेटमध्ये लिहिल्या तर प्रोसेसर ते टेम्प्लेट स्ट्रीमिंगसाठी अपात्र ठरवतो. 'ऑन-नॉन-एम्प्टी' मागे पाहत नाही. आतून काही येते आहे असे कळताच शीर्षक आधी सोडते आणि मग ते पुढे जाऊ देते. डंपसाठी याहून सोपी वाट म्हणजे पान-पान उचलणे. फाइल स्ट्रीम करायची, पण प्रत्येक 'पेज'ची 'कॉपी-ऑफ()' घेऊन ती तेवढ्यापुरती मेमरीत ठेवायची. एक पान छोटे असते. त्याच्या पोटघटकांना मग हवे तितके प्रश्न विचारता येतात. सॅक्सन या एक्सएसएलटी प्रोसेसरमध्ये स्ट्रीमिंग फक्त त्याच्या सशुल्क ईई आवृत्तीत मिळते, हे आधीच माहीत असलेले बरे.

एक घटक नसेल तर दुसऱ्याची किंमत घेण्याचा, म्हणजे पर्यायी किमतीचा, प्रश्न थोडक्यात सांगतो. बातम्यांच्या प्रवाहासाठीच्या आरएसएस या मांडणीच्या दुसऱ्या आवृत्तीत बातमीला शीर्षक किंवा वर्णन यांपैकी निदान एक असावे लागते, दोन्ही असतीलच असे नाही. त्याच कामासाठीच्या, डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या ॲटममध्ये नोंदीला स्वतःचा लेखक नसेल तर प्रवाहाचा लेखक तिला लागू होतो. इथे '|' वापरून दोन्हींचा संच करून पहिला घ्यायचा मोह होतो. पण '|'चा निकाल दस्तऐवजातल्या क्रमाने येतो. प्रवाहाचा लेखक बहुधा वर लिहिलेला असतो, म्हणून तोच पहिला ठरतो आणि नोंदीचा लेखक बाजूला पडतो. दुसऱ्या आवृत्तीतला स्वल्पविराम मात्र लिहिलेला क्रम पाळतो: (लेखक, ../लेखक)[1] म्हणजे आपला असेल तर आपला, नाहीतर वरचा.

आज ज्या साधनांवर बहुसंख्य लोक काम करतात ती मात्र पहिल्याच आवृत्तीची आहेत. लिनक्सवर सहज मिळणारे लिबएक्सएसएलटी आणि पायथनमधले एलएक्सएमएल, जे त्याच्यावरच उभे आहे, १९९९च्या नियमांनी चालतात. ब्राउझरही तिथेच थांबले, आणि २०२५ मध्ये क्रोमच्या चमूने ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. आरएसएसचा प्रवाह थेट ब्राउझरमध्ये सजवून दाखवणाऱ्यांना त्यामुळे दुसरी सोय पाहावी लागेल: सर्व्हरवर रूपांतर करणे, किंवा ब्राउझरमध्येच तिसरी आवृत्ती चालवणारे सॅक्सनजेएस घेणे. प्रकाशनाचे मोठे काम, म्हणजे शास्त्रीय नियतकालिके, तांत्रिक पुस्तिका, हस्तलिखितांच्या आवृत्त्या, ब्राउझरवर कधीच अवलंबून नव्हते. तिथे दुसरी-तिसरी आवृत्ती रुळली आहे आणि आज नवे काम सुरू करणाऱ्याने तिसरीच निवडावी.

ज्यांना यात हात बसवायचा आहे त्यांना एक सुचवावेसे वाटते. स्टाइलशीटची पहिली ओळ लिहिण्याआधी पाच छोटे नमुने करा: पोटघटक नसलेला, रिकामा असलेला, फक्त मोकळी जागा असलेला, नीट भरलेला आणि तोच घटक दोनदा आलेला. प्रत्येकापुढे अपेक्षित निकाल लिहून ठेवा, आणि मग अट लिहा. त्यानंतर तीच स्टाइलशीट मराठी विकिपीडियाच्या डंपवर चालवा. पाच नमुन्यांत न आलेला सहावा प्रकार तिथे सापडेल.